हिऱ्याच्या अंगठीत नीलम बसवायचा? साक्षगंधाआधी एवढं जुळवून पाहा

साक्षगंधाची अंगठी आता मोबाइलवर पसंत होते आणि फोटो तालुक्याच्या सोनाराकडे येतो. फोटोत बहुतेक वेळा गोल हिरा असतो, चार किंवा सहा प्रॉंगवर, म्हणजे खडा धरून ठेवणाऱ्या नख्यांवर, उचललेला. मग मुलगी म्हणते, डिझाइन हेच, पण खडा निळा पाहिजे. सोनार म्हणतो, होऊन जाईल. होतंही. पण माझं मत आधीच सांगून टाकतो: नीलमच घ्यायचा तर खडा आधी घ्या आणि अंगठीचा माथा, म्हणजे खडा बसतो तो वरचा भाग, त्याच्या मापाने करून घ्या. हिऱ्यासाठी तयार असलेल्या माथ्यात मावेल असा नीलम शोधत हिंडणं हा उलटा कारभार आहे.

पहिला घोळ वजनाचा. एक कॅरटचा गोल हिरा साधारण 6.5 मिलिमीटर व्यासाचा असतो. नीलम त्याच आकारात हिऱ्यापेक्षा जड, म्हणून एक कॅरटचा नीलम भरतो जेमतेम 6 मिलिमीटर. 'अंगठी एक कॅरटची आहे, नीलमही एक कॅरटचा द्या' असं सांगून खडा आणला की प्रॉंग आत वाकवावे लागतात आणि खडा तिरका बसतो. 6.5 मिलिमीटरच पाहिजे तर सव्वा कॅरटच्या आसपास जावं लागेल. त्यात आपल्याकडे भाव रत्तीत सांगतात, आणि रत्ती दुकानागणिक बदलते. कॅरट मात्र सगळीकडे 200 मिलिग्रॅम. वजन बिलापुरतं ठेवा. खडा मागायचा तो मिलिमीटरमध्ये, आणि खोलीही विचारायची.

खोली विसरली जाते, अन् खरी अडचण तिथेच असते. हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड वळवण्याची ताकद, 2.42. व्यासाच्या 60 टक्क्यांच्या आसपास खोली असली तरी तो आत शिरलेला उजेड पुरता परत फेकतो. म्हणजे 6.5 मिलिमीटरच्या हिऱ्याची उंची सुमारे 3.9. नीलमचा अपवर्तनांक 1.77 च्या आत, त्याला पोट खोल लागतं. 70 टक्के धरलं तर उंची साडेचार मिलिमीटर होते, आणि जास्तीचा भाग खाली उतरतो. माथा बुटका असेल तर खड्याचं टोक बोटाला टोचतं. मग कोणीतरी सुचवतो, उथळ नीलम घ्या. घेऊ नका. असा खडा वर्तमानपत्राच्या छापील ओळीवर ठेवून पाहा: मधोमध अक्षरं दिसतात, तेवढा भाग पाण्यासारखा फिका पडतो आणि निळाई फक्त कडेला उरते. उलट फार गडद खडा ट्यूबलाइटखाली काळाच दिसतो. दुकानाबाहेर, उन्हात आणि सावलीत, दोन्हीकडे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

ज्या अंगठीचा फोटो सगळे दाखवतात, ती 1981 ची डायनाची अंगठी, तिच्यात 12 कॅरटचा लंबगोल सिलोनी नीलम आहे आणि भोवती 14 लहान हिरे. तिथे हिरे नीलमच्या तैनातीत आहेत.

कठीणपणाची भीती मात्र थोडी जास्तच घातली जाते. मोह्‌सच्या मापावर हिरा 10, नीलम 9. वावरातल्या धुळीत असते ती गारगोटी 7 ची, तिने दोन्हीवर ओरखडा येत नाही. नीलमच्या पैलूंच्या कडा वर्षानुवर्षांत थोड्या झिजतात, पॉलिशने सुधारतात. हिराही ठोकर लागली तर ठरावीक दिशेने दुभंगू शकतो, हे दुकानदार सांगत नाहीत. हातपंप, भांडी, निंदण हे रोजचं असेल तर कोणताही खडा उंच प्रॉंगवर नको. खालून उघडं, बुटकं कोंदण बरं. प्रॉंगच हवे असतील तर ते 18 कॅरट सोन्याचे करा. 22 कॅरटचं सोनं मऊ, पकड सैल होते.

खरा फरक पडतो तो दुरुस्तीत. लग्नानंतर बोटाचं माप बदलतं, अंगठी वाढवायला कडं कापून डाख लावतात. हिऱ्याची अंगठी असेल तर बोरिक पावडरचा लेप देऊन, हिरा न काढता काम उरकायची रीत आहे. तो लेप हिऱ्याला आगीपासून वाचवतो. नीलमला तोच लेप खातो. टाकणखार काय, बोरिक काय, तापल्यावर खड्याचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा करून टाकतात आणि चमकदार पैलू धुरकट होतो. भेगांत काच भरलेला नीलम असेल तर डाखानंतरच्या आम्लातही बिघडतो. म्हणून नीलम काढूनच डाख, ही अट सोनाराला तोंडी सांगू नका, पावतीवर लिहून घ्या. गावचा सोनार सोन्याच्या कामात कितीही हुशार असला तरी असे खडे बसवायची सवय त्याला असतेच असं नाही. खडा काढणं-बसवणं नागपूरच्या इतवारी सराफ्यात किंवा अमरावतीला करून घेतलेलं बरं. तो हेलपाटा हिऱ्यात कमी, नीलममध्ये ठरलेला.

आता घरातला प्रश्न. नीलम शनीचा. सोयऱ्यांत एक तरी आजी 'पत्रिका दाखवली का?' म्हणणारच, आणि काही घरांत नीलम आधी काही दिवस जवळ ठेवून 'लाभतो का' पाहतात. तुमचा विश्वास असो-नसो, साक्षगंधाच्या मांडवात हा विषय निघू देऊ नका. पत्रिका पाहणारे महाराज सहसा मधलं बोट आणि कातडीला टेकणारा खडा सांगतात, म्हणजे अनामिकेची नाजूक अंगठी तिथेच बाद होते. शेजारच्या लहान हिऱ्यांना हरकत नसते, कारण हिरा शुक्राचा आणि शुक्र-शनी मित्र. माणिक मात्र चालत नाही.

घर अडून बसलं तर पुष्कराज पाहा. खनिज तेच, कठीणपणा तोच, माथ्याचं मापही नीलमसारखंच धरायचं, फक्त रंग पिवळा आणि ग्रह गुरू, जो लग्नकार्यात सगळ्यांना चालतो. निळ्याचा हट्ट सुटत असेल तर माझ्या मते हा सगळ्यांत शहाणा तोडगा. मात्र पिवळा सिट्रीन पुष्कराज म्हणून गळ्यात मारला जातो, तो गारगोटीचाच भाऊ. आणि पांढरा पुष्कराज हिऱ्याऐवजी म्हणून घेऊ नका. जवळून पाहिलं की झगमगाट कमी पडतो.

'हिरा परवडत नाही म्हणून नीलम' हे कारण आता लंगडं झालंय. प्रयोगशाळेत घडवलेले हिरे बरेच स्वस्त झालेत, आणि चांगला, रंग खुलवायला न तापवलेला नीलम स्वस्त नसतो. तापवलेला नीलम वाईट नव्हे, बाजारातले बहुतेक तसेच असतात. काच भरलेला नको. कृत्रिम नीलम शंभराहून जास्त वर्षं बनतोय, कठीणपणात अस्सल इतकाच. कृत्रिम म्हणून, त्या भावात मिळत असेल तर खुशाल घ्या. अस्सल म्हणून विकत असतील तर मुंबई-जयपूरच्या रत्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट मागा. हॉलमार्क आणि त्याचा सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, फक्त सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याबद्दल काही नाही.

बिलावर सोन्याचं निव्वळ वजन आणि खड्याचं वजन वेगळं लिहून घ्या. हिरा परत घेण्याचे बऱ्याच दुकानांचे नियम असतात. नीलमच्या अंगठीचे मोडीत बहुधा सोन्याचेच पैसे येतात.

अंगठी हातात आली की काउंटरवरच कापसाचा बोळा प्रॉंगवरून फिरवा. तंतू अडकला तर तिथेच बसून कानस मारून घ्या, पुन्हा यायचं बसभाडं वाचतं.