बोटीच्या केबिनमधली ओल आणि बुरशी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

खान्देशात राहून ओलीचं रडगाणं गातोय म्हटल्यावर शहाद्यातले मित्र माझ्याकडे बघतच राहिले. मे महिन्यात अंगाची लाही होते, तिथे कसली बुरशी? पण माझी बोट असते धडगावच्या पलीकडे, सरदार सरोवर धरणामुळे नर्मदेत साठलेल्या फुगवट्याच्या पाण्यात. २२ फुटी, फायबरची, मागे बंद केबिन. शिक्षक, आरोग्यसेविका, बाजाराचं सामान यांची ने-आण चालते आणि उशीर झाला की मी आणि खलाशी केबिनमध्येच झोपतो. गेल्या जूनमध्ये गादी उचलली तर खालून काळे ठिपकेच ठिपके. गोधडी घरी आणली तेव्हा आईने दारातच अडवलं, "गोधडीले कसाना वास ई ऱ्हायना रे?"

जुलैत हवेतली ओल मोजणारं मीटर, हवेतली ओल शोषून घेणाऱ्या कॅल्शियम क्लोराईडचे सहा डबे आणि छतावर बसणारा सोलर पंखा घेतला. आता मार्च आहे, म्हणून लिहितोय.

मीटर स्वस्तातलं आहे, पण सगळ्यात आधी तेच घ्या. आणल्यावर तपासूनही घ्या. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन थोडं पाणी घालून ओलसर करा, मीटरसोबत घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. आकडा ७५ टक्के यायला हवा. माझं ६९ दाखवत होतं, म्हणजे दर वेळी सहा मिळवायचे. आर्द्रता ७० च्या वर टिकून राहिली की बुरशी धरते, म्हणून मी ती ६० च्या आसपास ठेवायचा प्रयत्न करतो.

डब्यांबद्दल. बंद केबिनमध्ये ते खरंच काम करतात. ऑगस्टमध्ये डबे बारा दिवसांत पाण्याने भरायचे, जानेवारीत दीड महिन्यानंतरही निम्मे रिकामे होते. पण खिडकी उघडी ठेवून डबे ठेवले तर ते सातपुड्याची सगळी हवा सुकवायला निघाल्यासारखं आहे, पैसे वाया. दुसरं म्हणजे आत जमतं ते साधं पाणी नसतं, ते खारट आणि धातू खाणारं असतं. लाटेने एक डबा कलंडला आणि खिडकीच्या ॲल्युमिनियम पट्टीवर आठवड्याभरात पांढरे खड्डे पडले. आता डबे बादलीत उभे ठेवतो. सांडलं तर लगेच गोड्या पाण्याने धुवा.

पंखा जुलै-ऑगस्टमध्ये जवळजवळ निरुपयोगी होता. बाहेरच ९० टक्के ओल, तीच आत ओढणार. ऊनही नसायचं. पावसाळ्यात केबिन बंद आणि डबे चालू, हाच मार्ग. सरोवर १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला आलं की आमची बोट नाल्याच्या आतपर्यंत जाते, दोन्हीकडे डोंगर, ऊन दहानंतर. ऑक्टोबरपासून मात्र पंख्याने किंमत वसूल करून दिली. दिवसाची कोरडी हवा आत आली की मीटर ७८ वरून दुपारपर्यंत ५५ वर यायचं.

थंडीत वेगळाच त्रास निघाला. डिसेंबरात तोरणमाळच्या बाजूला चांगलाच गारठा पडतो. फायबरचं छत गार पडतं आणि आतल्या उबदार हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन टपटपते. खलाशी म्हणाला, "दादा, छत गळतंय." छत गळत नव्हतं, आमचाच श्वास होता तो. दोन माणसं रात्रभर झोपली की अर्ध्या लिटरच्या वर पाणी हवेत जातं. त्यात आम्ही आतच गॅसवर डाळ-भात करायचो. एक किलो गॅस जळताना दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं, हे मला आधी ठाऊक असतं तर शेगडी पहिल्या दिवशीच बाहेर काढली असती. बंद केबिनमध्ये शेगडी पेटवणं जिवालाही धोक्याचं. आता चूल-चहा सगळं बाहेर, मागच्या फळीवर. झोपताना समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या.

गादीचा प्रश्न सगळ्यात स्वस्तात सुटला. फळीवर नारळाच्या काथ्याची जाड चटई टाकली, वर गादी. खालून हवा फिरते. तेव्हापासून एकही ठिपका नाही. या सगळ्यात मला सर्वांत समाधान देणारी हीच गोष्ट.

लाइफ जॅकेटकडे मात्र सगळ्यांनी लक्ष द्या. ओली जॅकेटं ढिगाने कोंबली की पट्टे कुजतात, आणि त्या पट्ट्यांवर लेकराबाळांचा जीव असतो. आम्ही रोज संध्याकाळी सावलीत, सुटी टांगतो.

असलेली बुरशी काढताना कोरडी झाडू नका, ती हवेत उडते. तोंडाला कापड बांधून व्हिनेगरच्या फडक्याने पुसली, दुसऱ्या दिवशी उन्हात वाळवली. व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. लाकडी फळीत खोल गेलेली बुरशी पुसून गेली नाही, ती फळी बदलावी लागली. गोड्या पाण्यात, वरून पडलेल्या पावसाने लाकूड समुद्रापेक्षा लवकर कुजतं. म्हणून आता फटींना सीलंट मारलंय आणि तळात साचलेलं पाणी रोज उपसून तळ कोरडा करतो.

फेब्रुवारीपासून पंख्याचा बेअरिंग आवाज करतोय. पाऊस लागायच्या आत तो बदलायचा आहे, आणि केबिनच्या छताला आतून फोम लावायचा आहे.