रायडिंग जॅकेटचे 14 महिने आणि एक चेन

परवा माझ्या मोटरसायकलच्या जॅकेटच्या कंपनीचा, चेनच्या तक्रारीवरचा चौथा मेल आला. ‘चेन, बटणं, वेल्क्रो आणि इलॅस्टिक हे झिजणारे भाग असल्यामुळे वॉरंटीत येत नाहीत.’ आधीच्या तिन्ही मेलांत हेच वाक्य होतं, फक्त खालचं नाव बदलत गेलं. म्हणून आज बसून सगळं लिहून काढतोय.

जॅकेट 14 महिन्यांपूर्वी 9,200 रुपयांना घेतलं. जाळीचं, उन्हाळी, खांद्याला आणि कोपराला लेव्हल 2 चे, म्हणजे जास्त जोर अडवणारे पॅड, आतल्या लेबलवर ए वर्ग (कापड घासण्याच्या चाचणीतला दर्जा, त्याबद्दल पुढे). बाकी तपशील लिहीत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही. याच किमतीच्या आणखी तीन जॅकेटांच्या चेनी मी नंतर दुकानात उघडून-लावून पाहिल्या आणि फारसा फरक दिसला नाही. वापर म्हणाल तर कोथरूड ते हिंजवडी, येऊन-जाऊन 35 किलोमीटर, आठवड्यातले तीन-चार दिवस. महिन्यातून दोनदा रविवारी ताम्हिणी, नाहीतर वाईवरून पसरणी घाट. एकूण साधारण 11,000 किलोमीटर या जॅकेटात झाले.

पहिले चार महिने मी जो भेटेल त्याला हेच घे म्हणून सांगत होतो. शिलाई दुहेरी, खांदे व्यवस्थित, जाळीतून वारा खेळतो. एप्रिलमध्ये गाडी चालू असेपर्यंत उकडत नाही. चांदणी चौकात अडकलात की मात्र आत भट्टी होते, कारण वारा नसेल तर जाळी आणि बंद कापड यांत काही फरक राहत नाही. ते मी धरूनच चाललो होतो. पावसाळ्यात आतलं रेनलायनर, म्हणजे पाणी अडवणारं अस्तर, निरुपयोगी आहे. तुम्ही कोरडे राहता, पण बाहेरचं जॅकेट पाणी पिऊन जड होतं आणि वाळायला दोन दिवस घेतं. जूनपासून मी सरळ वरून साधा रेनकोट घालतो.

आता चेन. समोरची मुख्य चेन खालून लावताना पिन डबीत नीट बसली पाहिजे. ती एका प्रयत्नात कधीच बसत नाही. हातमोजे काढावे लागतात, दोन्ही हात लागतात, मान खाली घालून बघावं लागतं. घाटात जायचं असलं की सकाळी साडेपाचला याचं काही वाटत नाही, आपण निवांत असतो. पण कामाच्या दिवशी 8:40 ला पार्किंगमध्ये, पाठीला लॅपटॉपची बॅग आणि डोक्यात मीटिंग असताना हा अर्धा मिनिट फार मोठा होतो. दुसऱ्या महिन्यापासूनच मी शहरात चेन न लावता नुसता वेल्क्रोचा पट्टा दाबून निघायला लागलो. पाचव्या महिन्यात चेन लावल्यावर पोटाशी आपोआप फाटायला लागली, म्हणजे रनर (चेनवरून सरकणारा तुकडा) वर जातो आणि मागचे दात उघडतात. मग तर मला कारणच मिळालं. कधी उघडं जॅकेट, कधी जॅकेट घरी खुंटीला.

असेच लोक माझ्या आजूबाजूलाही आहेत. आम्ही सात जण रविवारी एकत्र निघतो. त्या दिवशी सगळे नखशिखांत तयार: जॅकेट, हातमोजे, घोट्यावर येणारे बूट, दोघांकडे गुडघ्याचे पॅडही. सोमवारी त्यांतले चार जण टी-शर्टवर ऑफिसला जातात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘शहरात वेग तो किती असतो?’

हे वाक्य पुण्यात आपण आधी ऐकलं आहे. 1 जानेवारी 2019 ला हेल्मेटची कडक अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा विरोध करणाऱ्यांचं म्हणणं हेच होतं. मान दुखते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, घाम येतो, आणि शहरात वेग तो किती. मी तेव्हा हेल्मेट घालणाऱ्यांतला होतो आणि त्या लोकांचा मला मनापासून राग यायचा. उभ्या गाडीवरून नुसते आडवे झालात तरी दीड-पावणेदोन मीटरवरून खाली येणारं डोकं जमिनीला लागेपर्यंत ताशी 20 किलोमीटरच्या आसपास वेग घेतं, हा हिशोब मी चार जणांना तरी कागदावर करून दाखवला असेल. जॅकेटच्या बाबतीत मात्र मी त्यांचंच वाक्य वापरत होतो. हेल्मेटसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम 129 आहे, 194 डी खाली 1,000 रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबन आहे. जॅकेटसाठी चौकात कोणी अडवत नाही. ते घालायचं की नाही हे सर्वस्वी आपल्यावर असतं, आणि माझ्या बाबतीत ते एका चेनवर होतं.

नवव्या महिन्यात बावधनला पडलो. इथून पुढे माझं मत बदललं आहे, म्हणून वरची स्तुती या पुढच्याबरोबर वाचा.

पाईपसाठी खणून अर्धवट बुजवलेला रस्ता, वर सुटी खडी. वेग 30 च्या आत. समोरची रिक्षा अचानक थांबली, हँडल थोडं वळलेलं असताना मी पुढचा ब्रेक दाबला आणि पुढचं चाक निसटलं. गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा आहे. पण वळलेलं हँडल आणि खाली खडी असेल तर त्याच्याकडून फार अपेक्षा धरता येत नाही. जॅकेट अंगावर होतं, चेन उघडी होती.

डाव्या खांद्यावर पडलो. खांद्याच्या पॅडने काम चोख केलं, तिथे साधा निळा डागही उठला नाही. पण घसरताना उघडं जॅकेट बरगड्यांपर्यंत वर सरकलं आणि कमरेची कातडी हातभर सोलली गेली. जॅकेट वर ओढलं गेल्यामुळे बाही फिरली, कोपराचा पॅड हाताच्या आतल्या बाजूला गेला आणि कोपर जाळीवर घासलं. तिथली जाळी तळहाताएवढी फाटली. हातमोजे 1,400 रुपयांचे, चामड्याचे. तळवे शाबूत राहिले. गुडघ्यावर साधी जीन्स होती, तो गुडघा तीन आठवडे दुमडता येत नव्हता. हेल्मेट जमिनीला लागलं नाही. लागलं असतं तर तेही बदललं असतं, कारण आतलं थर्माकोल एकदा दबलं की परत फुगत नाही, बाहेरून रंग कितीही चांगला दिसो.

दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदा ते लेबल नीट वाचलं. ईएन 17092 या युरोपीय मानकात जॅकेटचे मुख्य वर्ग असतात: एएए, एए आणि ए. कापड फिरत्या यंत्राला लावून काँक्रीटवर सोडतात आणि घासून भोक पडतं का ते बघतात. खांदा, कोपर अशा सगळ्यात धोक्याच्या भागांसाठी ए वर्गाला ती चाचणी ताशी 45 किलोमीटर वेगाने होते, एए ला 70 आणि एएए ला 120. म्हणजे माझं जॅकेट मुळात शहरासाठीच बनलेलं आहे. मी ते घाटात बंद करून वापरत होतो आणि शहरात उघडं. पॅडचंही तसंच. ईएन 1621-1 या पॅडच्या मानकात लेव्हल 1 चा पॅड सरासरी 35 किलोन्यूटनपर्यंत जोर आत येऊ देतो, लेव्हल 2 चा 20 पर्यंत. खरेदीच्या वेळी मी लेव्हल 2 साठी दीड हजार जास्त मोजले होते. तो पॅड कोपरावर राहिलाच नाही, तर त्या 15 किलोन्यूटनच्या फरकाचा मला काय उपयोग झाला? बाहीला कोपराखाली एक पट्टा असतो, तो घट्ट केला की पॅड हलत नाही. दुकानात माप घेताना तो पट्टा ओढायचा, हात दुमडून पॅड जागेवर राहतो का बघायचं. मी ते केलं नव्हतं, आणि विकणाऱ्यानेही सांगितलं नव्हतं.

पाठीचं तर आणखी वाईट. पाठीच्या कप्प्यात जे होतं तो नुसता फोमचा तुकडा, त्यावर कुठलंही मानक छापलेलं नाही. कितीतरी जॅकेटांत हेच असतं आणि आपण त्याला पॅड समजून फिरतो. मी 1,900 रुपयांचा वेगळा लेव्हल 2 चा बॅक प्रोटेक्टर आणून घातला. 9,200 मध्ये हे 1,900 मिळवूनच जॅकेटची किंमत धरा.

पडल्यावर तक्रार केली, दहाव्या महिन्यात. वॉरंटी 12 महिन्यांची. पडून फाटलेल्या जाळीची भरपाई मी मागितलीच नव्हती, ते माझं मी बघेन. पण चेन पाचव्या महिन्यापासून फाटते आहे, त्याचे फोटो, व्हिडिओ, बिल, सगळं पाठवलं. उत्तर आलं, झिजणारा भाग. मी लिहिलं, ज्या भागावर जॅकेट बंद राहणं अवलंबून आहे तो झिजणारा म्हणून सोडून कसा देता? मग नव्या जॅकेटवर 20 टक्के सवलत देऊ केली. नवं जॅकेट म्हणजे पुन्हा तीच चेन. मी नुसता रनर पाठवा म्हणालो, पैसे घ्या म्हणालो. सुटे भाग विकत नाही, हे उत्तर. सुरक्षेच्या नावावर पैसे घेणाऱ्याने असं वागू नये. मला याचा अजूनही संताप येतो.

शेवटी रविवार पेठेत बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी चेन उजेडात धरली, दातांवरून नख फिरवलं आणि म्हणाले, “दात चांगलेत. रनर पसरलाय. धूळ जाते ना आत.” रनरच्या दोन पट्ट्यांतलं अंतर वाढलं की दात एकमेकांत दाबले जात नाहीत, म्हणून रनर पुढे जाऊनही मागे चेन उघडते. पक्कडीने मागच्या बाजूने हलकं दाबलं तर महिना-दोन महिने निभतं. नवा रनर 60 रुपये, खालची पिन आणि डबी बदलायचे आणखी 120. मी म्हटलं, अख्खी चेनच जाड दातांची घाला. 380 रुपये, दोन दिवस. पुलरला, म्हणजे रनर ओढायच्या पट्टीला, त्यांनी न विचारता जाड दोरीची गाठ मारून दिली, आता हातमोजे न काढता चेन वर जाते. महिन्यातून एकदा दातांवर मेणबत्ती घासा, हेही त्यांनीच सांगितलं. 380 रुपयांत जॅकेट पुन्हा रोजचं झालं. गेले तीन महिने एकदाही उघडं ठेवून निघालेलो नाही.

एक गोष्ट चेनशी संबंधित नाही, पण सांगितली पाहिजे. जॅकेट घेतल्यापासून माझा घाटातला वेग वाढला होता. पसरणीतल्या ज्या वळणावर मी तिसऱ्या गिअरमध्ये 40 ने जायचो, तिथे 55 ने शिरायला लागलो. मला वाटत होतं की सरावाने हात बसला. आमच्यात एक 62 वर्षांचे काका आहेत, 100 सीसीच्या गाडीवर येतात, सगळ्यात शेवटी पोहोचतात. डोक्यावर आयएसआयचं हेल्मेट, अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, बस्स. वळणाआधी ब्रेक मारून मोकळे होतात, आंधळ्या वळणावर हॉर्न देतात आणि डावी बाजू सोडत नाहीत, समोरून एसटी रस्ताभर पसरून आली तरी यांना जागा असते. ते मला म्हणाले, “तू वळणात शिरल्यावर ब्रेक मारतोस. मला मागून लाल दिवा दिसतो. गेल्या वर्षी नव्हता दिसत.”

जॅकेट घेण्याआधी, म्हणजे. मला हे फार लागलं, कारण खरं होतं. जॅकेटने दिलेला दिलासा मी वेगात खर्च करत होतो. आता त्या वळणावर पुन्हा 40. गटातला एक जण याच कारणाने म्हणतो की जॅकेट-पॅड असलं संरक्षक गिअर अंगावर घातलं की माणूस बेफिकीर होतो, त्यापेक्षा नकोच. ते मला पटत नाही. बावधनला मी बेफिकीर नव्हतो, 30 च्या आत होतो, तरी पडलो. काकांनाही मी हेच सांगतो. त्यांच्याइतकी शहाणी गाडी आमच्यात कोणी चालवत नाही, पण खडीवर पुढचं चाक त्यांचंही निसटू शकतं आणि 62 व्या वर्षी कोपराची जखम लवकर भरत नाही. जॅकेटला ते तयार नाहीत. माझे जुने हातमोजे मात्र मागच्या रविवारी त्यांनी घालून पाहिले, बोटं थोडी लांब पडतात त्यांना.

घेणाऱ्यांनी दुकानात एवढं करावं: हातमोजे घालून, उभ्या उभ्या, चेन दहा वेळा लावून-उघडून बघावी. पिन पहिल्या फटक्यात बसत नसेल तर ते जॅकेट तुम्ही रोज घालणार नाही. जाळीचं कापड, पॅड, रंग सगळं त्यानंतर. माझ्या जॅकेटला आज मी पाचपैकी तीन देईन, चेन बदलल्यामुळे. मूळ चेनीसकट दोनच. फाटलेल्या कोपरावर बॅगवाल्या काकांकडून कॉर्ड्युराचं, म्हणजे जाड चिवट कापडाचं ठिगळ लावून घेतलं आहे, बाहीचा पट्टा अजून शिवायचा राहिला आहे. शनिवारी रविवार पेठेत जाणार आहे.