फॅटी लिव्हर: फिब-४, फायब्रोस्कॅन की ईएलएफ?

ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये सोनोग्राफीवर ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ आलं की मुंबईत कुणीतरी मोठं पॅकेज सुचवतंच. जरा दम धरा. तो ग्रेड फक्त चरबीचा. खरी चिंता फायब्रोसिसची, म्हणजे यकृतात व्रण धरलेत का याची. ग्रेड १ वाल्याला फायब्रोसिस असू शकतो, ग्रेड ३ वाल्याला नसूही शकतो. रक्तातलं यकृताचं एन्झाइम, एसजीपीटी, नॉर्मल आलं तरी त्यावर विसंबू नका.

सुरुवात फिब-४ नेच करावी, म्हणजे फायब्रोसिसचा अंदाज देणाऱ्या साध्या गणिताने, असं माझं स्पष्ट मत. नवी सुई टोचायला नको, पैसे नकोत. जुन्या रिपोर्टात सगळं असतं. वयाला एसजीओटीने (हेही तसंच एन्झाइम) गुणा. मग प्लेटलेट आणि एसजीपीटीचं वर्गमूळ यांचा गुणाकार करून त्याने भागा. आपल्याकडे प्लेटलेट बहुधा लाखात छापतात, तिथे लोक फसतात: १.८ लाख म्हणजे सूत्रात १८०. वय ४८, एसजीओटी ४५, एसजीपीटी ६४ धरा, उत्तर १.५. आकडा १.३ च्या खाली असेल तर पुढे गेलेल्या फायब्रोसिसची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर थेट यकृततज्ज्ञ गाठा. आपला १.५ अधांतरी. पासष्टीनंतर १.३ ऐवजी २ धरतात, कारण वयच आकडा फुगवतं. पस्तिशीच्या आत हे गणित भरवशाचं नाही.

अधांतरी असाल तर फायब्रोस्कॅन. बरगड्यांच्या फटीतून यकृताचा कडकपणा मोजतात, चरबीचा अंदाजही त्यातच मिळतो. ८ किलोपास्कलच्या खाली आलं तर बहुधा निश्चिंत. त्याआधी किमान तीन तास उपाशी राहा. जेवणानंतर आकडा खोटा चढतो, म्हणून सेंटरखालचा वडापाव परतताना. हिपॅटायटिसची सूज असतानाही आकडा फसवतो.

ईएलएफ ही रक्ताचीच तपासणी, पण व्रण तयार होताना आणि मोडताना रक्तात उतरणारे तीन घटक ती मोजते. कागदावर फिब-४ पेक्षा थेट. मात्र ती महाग आणि प्रत्येक लॅबमध्ये मिळत नाही. फार लठ्ठपणामुळे स्कॅन नीट होत नसेल तर तिच्यावर खर्च करा, एरवी मी करणार नाही.

बायोप्सी अगदी मोजक्यांना लागते. मधुमेह असेल तर मात्र आज १.३ च्या आत असलात तरी वर्ष-दोन वर्षांनी फिब-४ पुन्हा काढा.