मारुती ८०० चं जड स्टीअरिंग : रॅक सैल केल्यानंतरचे ८ महिने

८०० ला पॉवर स्टीअरिंग नाही, तेव्हा पार्किंगमध्ये जोर लागणारच. पण वळण संपल्यावर स्टीअरिंग आपसूक सरळ येत नसेल, ओढून आणावं लागत असेल, तर तो गाडीचा जुनेपणा नाही, बिघाड आहे.

आधी मी सगळा दोष १५५ च्या रुंद टायरांना दिला होता. मूळ मापाचे १४५/७० आर१२ घातले, हवा मॅन्युअलप्रमाणे भरली. फरक पडला तो फक्त उभ्या गाडीत. ते मत आता मागे घेतो.

तपासणी चाकं अधांतरी ठेवूनच करा. मागच्या चाकांना दगड लावा, पुढचा भाग उचलून घोड्यांवर (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) टेकवा, नुसत्या जॅकवर नको. स्टीअरिंग आता दोन बोटांनी फिरलं तर टायर, हवा, अलाइनमेंट (चाकांचे कोन) बघा. तरीही जड असेल तर दोन्ही टाय रॉड एंड (स्टीअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्यांची टोकं) पुलरनं, म्हणजे ओढून काढायच्या हत्यारानं, सोडवा, हातोड्यानं नाही. मग चाक हातानं वळवताना दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा. स्प्रिंग पीळ खाऊन टक्कन सुटली तर शॉकअपच्या वरचं बेअरिंग जाम आहे. स्प्रिंग नीट फिरूनही चाक जड, तर चाकाखालचा बॉल जॉइंट (गोळीवर फिरणारा सांधा) जाम आहे. चाकं मोकळी पण स्टीअरिंग जड, तर कॉलमचा (स्टीअरिंगच्या दांड्याचा) जॉइंट किंवा रॅक, म्हणजे चाकं वळवणारी दातेरी पट्टी. एका फेरीत दोनदा अडकलं तर जॉइंटचा क्रॉस गंजलाय. जॉइंट सोडवण्याआधी शाफ्टवर खूण करा, म्हणजे तसाच परत बसेल.

या गाडीत अडत होतं ते रॅकमध्ये. खडखड घालवायला गॅरेजमध्ये रॅकचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळला होता. हा इलाज सर्रास चालतो आणि तो साफ चुकीचा आहे. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून रॅकचे दात मधोमध झिजतात. तिथला प्ले (ढिलेपणा) जाईपर्यंत आवळलं की न झिजलेल्या टोकांना पिनियन (रॅकवर फिरणारं छोटं दातेरी चक्र) घट्ट बसतो. लॉकनट सैल करून स्क्रू एका वेळी फेरीचा आठवा भागच मागे घ्या आणि दर वेळी दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा. टोकं मोकळी झाली की थांबा. मध्ये किंचित आवाज राहिला तर राहू द्या. प्ले जास्त असेल तर रॅकच बदला, पण आवळू नका.

बूट (रॅकच्या टोकावरचं रबरी आवरण) चिरला असेल तर पावसाळ्याआधी बदला. पाणी आत गेलं की ग्रीस जातं आणि रॅक गंजतो. बूट बदलायला टाय रॉड एंड काढताना आट्याच्या फेऱ्या मोजा, बसवताना स्प्लिट पिन नवीच घाला, शेवटी अलाइनमेंट.

दोन बूट, ग्रीस, पिना आणि अलाइनमेंट, एवढ्यात भागलं. अख्खा पावसाळा गेला, स्टीअरिंग अजून वळणावरून स्वतःहून सरळ येतं.