सोलर पॅनल: नवा कोरा की उतरवलेला?

उतरवलेले सोलर पॅनल आता गावोगाव विकायला येतात. कुणी छतावरचा जुना संच काढून मोठ्या वॅटचा बसवतो, कुणाचा पंप कायमचा बंद पडतो, आणि तो माल फिरत फिरत नव्याच्या निम्म्या भावात आपल्यापर्यंत पोचतो. घ्यावा का? माझं मत आधीच सांगून टाकतो: आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपटावर, खुशाल घ्या, घराच्या छतावर घेऊ नका. बोअरच्या पंपाचं पुढे बोलू.

पॅनलला २५ वर्षं आयुष्य म्हणतात, म्हणजे सव्विसाव्या वर्षी तो मरतो असं नाही. दरवर्षी त्याची ताकद थोडी थोडी उतरते. जुन्या पॉली पॅनलला (निळसर दिसणारा, जुन्या तंत्राचा) पंचविसाव्या वर्षी मूळच्या ८० टक्के वीज मिळेल अशी हमी असायची. आजच्या मोनो पर्कला (काळसर, नंतरच्या तंत्राचा) ती ८४-८५ पर्यंत गेली आहे आणि त्याहूनही नव्या तंत्राच्या टॉपकॉनला तर ३० वर्षांची हमी मिळते. पण ही हमी विजेची झाली. काच, चौकट, मागची जंक्शन पेटी (जिथून वायरी निघतात) यांची हमी बऱ्याचदा १०-१२ वर्षांचीच असते. जुना माल घेणाऱ्याच्या हाती यातलं सहसा काहीच येत नाही.

आपल्याकडे त्यात उन्हाळा मोजावा लागतो. परभणी-नांदेडला मे महिन्यात हवा ४२-४३ अंशांवर जाते, तेव्हा पॅनल ६५ च्या घरात असतो. छापील वॅट मात्र २५ अंशांवर मोजलेले असतात. वरच्या प्रत्येक अंशाला पॉली पॅनल साधारण ०.४ टक्के ताकद सोडतो, टॉपकॉन ०.३. म्हणजे ४० अंशांच्या फरकाला पॉलीचे १६ टक्के गेले, टॉपकॉनचे १२. दहा वर्षं वापरलेला ३३० वॅटचा पॅनल आधीच ३०० वर आला असेल, तर मेच्या दुपारी त्याच्याकडून २५० वॅट धरा. धुळीचं वेगळं.

धुळीवरून आठवलं. आपल्या बोअरचं पाणी क्षाराचं. त्याने पॅनल धुऊन तसाच वाळू दिला की काचेवर पांढरे डाग बसतात, ते पुढे निघता निघत नाहीत. आरओचं वाया जाणारं पाणी तर आणखी जड, ते अजिबात नको. जुना पॅनल बघताना काच तिरपी धरून हे डाग आधी शोधा.

मग पॅनल उलटा करा. मागच्या पांढऱ्या पत्र्यासारख्या थरावर बोट घासा. बोटाला पीठ लागलं, किंवा बारीक भेगा दिसल्या, तर पावसाळ्यात ओल आत जाणार. जंक्शन पेटीजवळ करपल्याचा डाग असेल तर भाव न विचारता निघा. एवढं ठीक असेल तर पॅनल उन्हाकडे तोंड करून उभा करा आणि दोन वायरींना मल्टिमीटर लावा. ७२ सेलच्या ३३० वॅटच्या पॅनलला काहीही जोडलेलं नसताना ४२ ते ४५ व्होल्ट दिसायला हवेत. आकडा ३० च्या आसपास अडकला तर सेलच्या तीन गटांपैकी एक गेला म्हणून समजा. विकणारा व्होल्ट दाखवून खूश करतो, पण व्होल्ट थकलेल्या पॅनललाही जवळजवळ पूर्ण येतात. खरी गोष्ट करंट सांगतो: भर दुपारच्या स्वच्छ उन्हात शॉर्ट करंट (दोन वायरी एकमेकींना जोडल्यावर वाहणारा) ९ अँपिअरच्या जवळपास हवा. त्यासाठी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावतात तो) लागतो, लाईटवाल्यांकडचा साधा मीटर बहुधा एसीच मोजतो. आणि पावती मागा. शेतातले पॅनल, केबल चोरीला जातात. मागचा अनुक्रमांक खरवडलेला असेल तर तो माल कुणाच्या तरी वावरातला आहे.

घराच्या छताचा हिशोब मात्र पॅनलच्या भावावर होतच नाही. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ ला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्तला ७८,००० रुपये अनुदान आहे. ते देशात बनलेल्या सेलच्या नव्या पॅनलवरच मिळतं. शिवाय ३ किलोवॅटला ५५० वॅटचे ६ पॅनल पुरतात, ३३० वॅटचे जुने मात्र १० लागतील. लोखंडी सांगाडा वाढला, वायर वाढली, जागा वाढली. पॅनलवर वाचवलेले पैसे तिथेच संपतात आणि अनुदान हातचं जातं. किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात. नव्या संचाकडून, दरवर्षीची थोडी घट सोडली तर, तेवढे पुढची २५ वर्षं मागता येतात, जुन्याकडून कुणाच्या जोरावर मागणार?

पंपाला राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. पाच वर्षांची दुरुस्ती आणि विमा त्यात येतो. नंबर लागायला वेळ लागतो हे खरं, पण तेवढ्यासाठी जुन्या पॅनलवर पंप बसवणं मला पटत नाही. एक थकलेला पॅनल ओळीतल्या, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या, सगळ्यांचा करंट खाली ओढतो, आणि पंप नेमका ढगाळ सकाळी उचलत नाही.

गारपिटीत मात्र नवा म्हणजे भक्कम असं समजू नका. जुन्या पॅनलला पुढे ३.२ मिलिमीटरची टफन काच असते. दोन्ही बाजूंनी काच असलेल्या नव्या पॅनलला बऱ्याचदा २-२ मिलिमीटरच्या. चाचणीत साधारणपणे २५ मिलिमीटरची गार मारतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट ज्यांनी बघितली, त्यांनी सांगाड्याइतकीच विम्याचीही चौकशी करावी.

जुन्याच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे. पॅनल बनवताना सिलिकॉन शुद्ध करायला आणि वितळवायला पुष्कळ वीज लागते, ती आपल्या उन्हात वर्ष-दीड वर्षात फिटते. पुढची सगळी कमाई. म्हणून चालता पॅनल भंगारात घालणं वाईटच. भंगारवाला अॅल्युमिनियमची चौकट आणि तांबं काढून घेतो. वजनाचा तीन चतुर्थांश भाग असलेली काच, डाकातल्या शिशासकट, बांधावर पडते. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनल आले आहेत आणि २०३४-३५ पर्यंतचे टाकाऊ पॅनल साठवून ठेवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवा घेताना कंपनीचं बिल जपून ठेवा, तेच पुढे दाखवायला उपयोगी पडेल. जुना घेतला तर त्याचा शेवटचा मालक बहुतेक तुम्हीच.

आखाड्यावर दोन दिवे, एक डीसी पंखा आणि फवारणी पंपाची बॅटरी एवढंच चालवायचं असेल, तर तपासून घेतलेला एक जुना पॅनल आणि चांगला चार्ज कंट्रोलर (बॅटरी प्रमाणात भरणारी पेटी) पुरे. पुढे पॅनल वाढवायचा झाला तर त्याच वॅटचा, त्याच बनावटीचा जुनाच शोधा. नवा आणून जुन्याच्या ओळीत जोडू नका.