इस्त्री: घरी करावी, गल्लीत द्यावी की सोडून द्यावी?

बेळगावात नवं बिऱ्हाड थाटताना कुकर, मिक्सर, बादल्यांच्या यादीत इस्त्री आपोआप येते. ती खरंच लागते का, हे कुणी विचारत नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: आपल्या भागात ऑक्टोबर ते मे इस्त्रीवाचून बरंचसं भागतं, जून ते सप्टेंबर भागत नाही. आपण वागतो मात्र उलट. लग्नसराईच्या कोरड्या दिवसांत गठ्ठेच्या गठ्ठे इस्त्रीला जातात आणि पावसाळ्यात ‘कशाला, भिजणारच आहे’ म्हणून शर्ट तसाच अंगावर चढतो.

सुती कापडाला सुरकुत्या पडतात त्या ओलेपणी. धाग्यातल्या सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना हलक्या बंधांनी धरून असतात. पाणी शिरलं की हे बंध सुटतात आणि कापड वाळताना ज्या आकारात असेल त्याच आकारात पुन्हा जुळतात. पिळून तसाच दोरीवर टाकलेला शर्ट पिळाचाच आकार धरून वाळतो. इस्त्री उष्णतेनं बंध सैल करते आणि दाबाखाली कापड सरळ असताना ते पुन्हा जुळवते. म्हणजे ओला शर्ट दोरीवरच सरळ केला, तर इस्त्रीला काम उरतं ते कॉलरचं आणि बटणपट्टीचं.

म्हणून बिनइस्त्रीचा मार्ग घ्यायचा तर तो दोरीपाशी सुरू होतो. मशीनचा पिळण्याचा वेग कमी ठेवा, मशीन थांबताच कपडे बाहेर काढा. ओल्यातच दोनदा जोरात झटका, कॉलर आणि शिवणी हातानं ओढा, शर्ट हँगरवर लावा आणि वरची दोन बटणं घाला. टिळकवाडीतल्या एखाद्या गच्चीवर एप्रिलच्या वाऱ्यात असा शर्ट तासा-दीड तासात वाळतो आणि बाजारहाटाला, शाळेच्या मीटिंगला सहज चालतो. पँटची घडी घालून रात्रभर गादीखाली ठेवायची आपल्या आधीच्या पिढीची युक्ती आजही चालते. टॉवेल, चादरी, बनियन, टी-शर्ट, परकर यांना इस्त्री करणं ही हौस. करायची त्यानं करावी.

वीज वाचवून हवामान बदल रोखावा म्हणून इस्त्री सोडणारेही आहेत. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक चेतन सोलंकी यांच्या ऊर्जा चळवळीतून २०२४ मध्ये ‘सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे’ अशी मोहीम निघाली होती. सोमवार ठीकच आहे. पण आपल्याकडे वार बघण्यापेक्षा ऋतू बघावा.

‘रिंकल-फ्री’ शर्ट घेऊन प्रश्न मिटवावा असं बऱ्याच जणांना वाटतं. अशा सुती शर्टावर राळेची प्रक्रिया केलेली असते. ती साखळ्या एकमेकींना पक्क्या बांधून टाकते, म्हणून सुरकुती टिकत नाही. पण त्यानंच कापडाची ताकदही कमी होते. कॉलरची आणि बाह्यांची कड लवकर विरते. पॉलिस्टर मिसळलेला शर्ट टिकतो जास्त, उकाड्यात चिकटतो जास्त. उद्यमबागच्या फाउंड्रीत भट्टीजवळ काम असेल तर पॉलिस्टर नकोच. उडालेल्या ठिणगीनं ते वितळून कातडीला चिकटतं. तिथं चुरगळलेला सुती शर्ट कधीही बरा.

आता पाऊस. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं कपडे चार-चार दिवस दमट राहतात हे तिकडच्यांना सांगायला नको. बेळगाव शहरातही जुलैत घरातल्या दोरीवरच्या कपड्यांना कुबट वास येतो. ओलाव्यात वाढणाऱ्या जिवाणूंचा तो वास, आणि तापलेली इस्त्री ते बऱ्याच अंशी मारते. इथं इस्त्रीची गरज खरी आहे, शोभेची नाही. शाळेचा गणवेश, आतले कपडे, लहान बाळाची दुपटी यांच्यावर पावसाळ्यात इस्त्री फिरवावीच.

मात्र इस्त्रीनं कपडे वाळवू नका. एक लिटर पाण्याची वाफ करायला कमीत कमी पाऊण युनिटाच्या आसपास वीज जाते, आणि इस्त्रीची बरीच उष्णता हवेतच निघून जाते. छताचा पंखा जेमतेम ७५ वॅटचा असतो. रात्रभर पंख्याखाली वाळवून सकाळी उरलेल्या दमटपणावर इस्त्री फिरवली, तर काम झटपट होतं आणि वास येत नाही.

घरी की गल्लीत, हा हिशोब आता विजेचा राहिलेला नाही. साधी कोरडी इस्त्री ७५० ते १००० वॅटची असते. तापली की थर्मोस्टॅट ती बंद-चालू करत राहतो, म्हणून तासभर सलग चालवली तरी एका युनिटाच्या आतच राहते. आठवड्याला एक तास धरला तर महिन्याला चार युनिट. कर्नाटकात २०२३ पासून घरगुती वीज फुकट देणारी गृहज्योती योजना आहे. ज्यांना ती लागू आहे त्यांना हे चार युनिट जाणवतही नाहीत. पण जुनी सरासरी आणि तिच्यावर ठरावीक वाढ, तीही २०० युनिटांपर्यंत, एवढीच वीज फुकट असते. २०० ओलांडले की पूर्ण बिल आपल्या अंगावर. गिझर आणि वॉशिंग मशीन आधीच चालू असेल तर हेस्कॉमचं, म्हणजे इथल्या वीज कंपनीचं, बिल एकदा नीट बघा, मग इस्त्रीचा विचार करा.

गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला नगावर पैसे द्यावे लागतात. नगाला दहा रुपये धरले आणि घरात दोघं कामाला जाणारे असले, तर रोजचे चार नग, सव्वीस दिवस, म्हणजे हजाराच्या वर. एवढ्यात चांगली कोरडी इस्त्री येते. पण तुमच्या घरात आठवड्याचा तो एक तास कोण देणार? बहुतेक घरांत उत्तर ठरलेलं असतं आणि ती व्यक्तीसुद्धा नोकरी करते. तेव्हा पैसे वाचवताना कुणाची दुपार खर्ची पडते, हेही हिशोबात धरावं.

कामाच्या दर्जात मात्र गल्लीवाला पुढं. पाच-सहा किलोची कोळशाची इस्त्री जाड सुती कापडावर जी कडक घडी बसवते, ती घरच्या हलक्या इस्त्रीनं बसत नाही. एनसीसीचा गणवेश, खळ घातलेली पांढरी खादी, मुलाखतीची पँट बिनधास्त त्याच्याकडे द्या. नाजूक कापड देताना मात्र तोंडानं सांगा. कोळशाच्या इस्त्रीला थर्मोस्टॅट नसतो. तिचा ताप कारागीर अंदाजानं ओळखतो. एका इस्त्रीवाल्यानं माझा शर्ट परत करताना ऐकवलं होतं, “हे सुती न्हवं ओ, धरलं तर गोळा होईल.” असा माणूस मिळाला तर सोडू नका.

घरात इरकल असेल तर ती तुम्ही स्वतःच करा. पारंपरिक इरकलीचं अंग बहुतेक सुती असतं आणि काठ-पदर रेशमी. अंगाचे आणि पदराचे वेगवेगळे ताणे एकमेकांत अडकवून जोडलेले असतात. एकाच तापावर अख्खी साडी ओढली की अंग सरळ होतं आणि पदर करपतो. इस्त्रीवर किंवा लेबलावर ठिपके असतात: एक ठिपका साधारण ११० अंश, दोन १५०, तीन २००. अंगाला तीन, काठाला आणि पदराला दोनच्या आतच, तेही वर पातळ सुती फडकं टाकून. हल्ली बऱ्याच इरकलींत रेयॉन किंवा पॉलिस्टर असतं. खात्री नसेल तर एका ठिपक्यापासून सुरू करा. जरीवर थेट इस्त्री नको, आणि जरीची घडी दर काही महिन्यांनी बदलून ठेवा, नाहीतर मोडीवर ती तुटते.

राहिला स्टीमर आणि वाफेची इस्त्री. टांगलेल्या शर्टावरून, शिफॉनवरून, लग्नाच्या ब्लाउजवरून स्टीमर छान फिरतो, पण त्याला दाब नसतो. पँटची धार त्यानं येत नाही, आणि जुलैत घरात आणखी वाफ सोडायची कुणाला हौस? कोरड्या महिन्यांत, ज्यांच्याकडं नाजूक कपडे जास्त, त्यांनीच तो घ्यावा. वाफेच्या इस्त्रीत बोअरचं जड पाणी घालू नका, क्षारांनी भोकं बुजतात आणि पांढऱ्या शर्टावर तपकिरी डाग येतात. डिस्टिल्ड पाणी घाला. शिवाय १५००-२००० वॅटची इस्त्री घ्यायची तर १६ अँपिअरचा मोठा पॉइंट लागतो. शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत तो खोलीत नसतो, असला तर न्हाणीघरात गिझरसाठी. भाड्याची खोली असेल तर इस्त्री विकत घेण्याआधी तो पॉइंट कुठं आहे ते बघून या, आणि नसेल तर १००० वॅटची साधीच घ्या.