नारायण पेठेतले हीट प्रेसवाले काका आणि माझी बालेवाडीची जर्सी

गेल्या महिन्यात कपाट आवरताना एफसी पुणे सिटीची, आपल्या बंद पडलेल्या फुटबॉल क्लबची, नारिंगी जर्सी सापडली. पाठीवर मार्सेलिन्यो ह्या खेळाडूचं नाव होतं. इंग्रजीत दहा अक्षरं. त्यातली चार केव्हाच गळून गेली होती, दोन कोपऱ्यातून उचलली होती, आणि जी टिकली होती ती मूळची पांढरीशुभ्र अक्षरं नारिंगी झाक येऊन मळकी दिसत होती. ही जर्सी घालून मी आणि माझा मुलगा २०१७-१८ च्या हंगामात बालेवाडीच्या मैदानावर सामने बघायला जायचो. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. टाकून देणं शक्यच नव्हतं.

आधी दोन दुकानांत विचारलं. एकानं सरळ नवीन शर्ट घ्या म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं होती त्याच अक्षरांवर इस्त्री फिरवून दिली, आठवड्यात आणखी एक अक्षर गेलं. मग ऑफिसमधल्या एकानं नारायण पेठेतल्या काकांचा पत्ता दिला. दुकानाला पाटी नाही. जुन्या वाड्याचा तळमजला, शेजारी लग्नपत्रिकांची छपाई, आणि दारातच दोरीवर लटकलेले शाळांचे, गणपती मंडळांचे, क्रिकेट संघांचे टी-शर्ट. कपड्यावर अक्षरं दाबून चिकटवायचं तापतं मशीन म्हणजे हीट प्रेस, त्यावरून सगळे त्यांना हीट प्रेसवाले काका म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते.

काकांनी जर्सी हातात घेतली, उलटी केली, उजेडात धरली आणि पहिल्यांदा अक्षरांकडे नाही, कापडाकडे बघितलं. म्हणाले, "ताई, हे पॉलिएस्टर आहे. प्रेस फार तापली की कापडातला रंग सुटतो आणि वरच्या पांढऱ्या व्हिनाइलमध्ये, म्हणजे अक्षरांच्या प्लास्टिकच्या पातळ थरात, चढतो. तुमची अक्षरं बाहेरून मळली नाहीत, रंग आतून आलाय. ह्याच्यावर साधं पांढरं लावलं तर तेही सहा महिन्यांत असंच होणार." साधं व्हिनाइल दीडशे-एकशे साठ अंशांवर दाबतात. काकांनी त्याऐवजी कमी तापमानाला चिकटणारं, खालून रंग अडवणारा थर असलेलं व्हिनाइल वापरायचं ठरवलं. दर थोडा जास्त पडेल हे आधीच सांगितलं.

दुसरी गोष्ट मला कधीच सुचली नसती. इतकी वर्षं अक्षरांखाली झाकलेलं कापड विटलेलं नव्हतं, बाकीची पाठ विटली होती. म्हणजे जुनी अक्षरं काढली की त्यांची गडद सावली राहणार. नवीन अक्षरं त्याच आकाराची, त्याच जागी बसली नाहीत तर नाव दुहेरी दिसणार. म्हणून त्यांनी आधी ट्रेसिंग पेपरवर जुन्या अक्षरांची बाह्यरेषा उतरवली, मग आतल्या बाजूनं ऊब देऊन एकेक अक्षर सावकाश सोलून काढलं. मागे राहिलेला डिंक फडक्यानं, थेंब-थेंब द्रावण लावून पुसला. हे सगळं मी समोर बसून बघितलं, कारण त्या दिवशी दुकानात जो वाद सुरू झाला तो सोडून मला उठताच येईना.

सुरुवात एका विशी-बाविशीतल्या मुलानं केली. तो आपल्या संघाचे पंधरा शर्ट न्यायला आला होता. जर्सी बघून म्हणाला, "ह्या टीमची वाट त्या पोर्तुगालनं लावली." मिगेल आंखेल पोर्तुगाल, २०१८ चा आपला स्पॅनिश कोच. त्याआधीच्या वर्षी ते दिल्ली डायनॅमोजकडे होते आणि तिथेही संघ खालीच राहिला होता, मग अशा माणसाला आणलंच का, हा त्याचा मुद्दा. काकांनी मान वर न करता उत्तर दिलं, "अरे, त्यांना मिळाले किती सामने? तीन. दिल्लीशी बरोबरी, मुंबईकडून हार, बेंगळुरूकडून हार. तीन सामन्यांत मी मशीनसुद्धा सेट करू शकत नाही."

बाकावर खडकीचे एक निवृत्त गृहस्थ बसले होते, नातवाच्या शाळेचा शर्ट घ्यायला आलेले. ते म्हणाले, खरी चूक त्याच्या आधीची. आधीचे कोच रांको पोपोविच ह्यांनी संघाला पहिल्यांदा आणि शेवटचं प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीत नेलं, तीस गुण, चौथा क्रमांक, आणि पुढच्या हंगामात तेच नाहीत. मुलगा लगेच उसळला, "नेलं, पण जिंकलं कुठे? बालेवाडीत शून्य-शून्य, आणि बेंगळुरूच्या कांतीरवावर तीन-एक. छेत्रीला तीन गोल करू दिले. सेमीत असा खेळ?"

इथे मला बोलावंच लागलं. ११ मार्च २०१८ ची ती संध्याकाळ मला आजही मिनिटामिनिटानं आठवते. घरी टीव्हीसमोर आम्ही दोघं. छेत्रीचा पहिला गोल लवकर आला, दुसरा पेनल्टीवर. ८२ व्या मिनिटाला जोनातन लुकानं फ्री किकवर गोल केला आणि माझा मुलगा सोफ्यावर उभा राहिला. आणखी एक गोल, फक्त एक. मग छेत्रीनं तिसरा मारला. बेंगळुरू साखळीत चाळीस गुणांनी पहिली आली होती, आपल्यापेक्षा पूर्ण दहा गुणांनी पुढे. इतक्या चांगल्या संघाकडून त्यांच्या मैदानावर हरणं ह्याला मी कोचचं अपयश म्हणत नाही. पहिल्याच प्लेऑफमधून बाहेर पडलेल्या संघाला दुसऱ्या प्रयत्नाची संधी लागते. ती आपल्याला मिळाली नाही.

आणि हे बोलताना मला माझी स्वतःची चूकही सांगावी लागली. ऑक्टोबर २०१८ मध्ये बेंगळुरूनं बालेवाडीत आपल्याला तीन-शून्य हरवलं तेव्हा "कोच बदला" म्हणून ओरडणाऱ्यांत मी होते. त्याच आठवड्यात पोर्तुगाल गेले. मला तेव्हा बरं वाटलं. आता त्याचं वाईट वाटतं. प्रद्युम रेड्डी ह्यांनी मध्ये संघ सांभाळला, मग फिल ब्राउन आले, संघ सातवा आला, आणि २०१९ मध्ये क्लबच राहिला नाही. फ्रांको कोलोम्बा, डेव्हिड प्लॅट, अंतोनियो हबास, पोपोविच, पोर्तुगाल, ब्राउन. पाच हंगामांत सहा मुख्य कोच. दर वर्षी नवा माणूस येऊन नव्यानं संघ बांधणार, खेळाडू नव्यानं शिकणार, आणि हरलं की आपण त्याच माणसाच्या नावानं बोंब मारणार.

खडकीच्या काकांनी मग पुण्याच्या आधीच्या क्लबची, पुणे एफसीची आठवण काढली. तिथे कोच म्हणून डेरिक परेरा २००९ ला आले आणि २०१३ पर्यंत राहिले. २०१२-१३ च्या आय-लीग ह्या राष्ट्रीय स्पर्धेत पुणे एफसी दुसरी आली, चर्चिल ब्रदर्सच्या मागे. पुण्याच्या कुठल्याही क्लबनं राष्ट्रीय लीगमध्ये त्याहून वर मजल मारलेली मला तरी आठवत नाही, असं ते म्हणाले, आणि मलाही आठवलं नाही.

तो पंधरा शर्टवाला मुलगा तरी मानेना. तेव्हा मी हैदराबादचं उदाहरण दिलं, कारण आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, आपली जागा त्यांनीच घेतली. फिल ब्राउन पुण्याहून तिकडे गेले, जानेवारी २०२० मध्ये त्यांना काढलं, आणि तो हंगाम हैदराबादनं तळाला संपवला. मग मानोलो मार्केझ आले. त्यांच्या पहिल्या वर्षी संघ पाचवा आला, प्लेऑफ थोडक्यात हुकलं. आपल्याकडे असतं तर गेलेच असते. तिथे त्यांना ठेवलं. मार्च २०२२ मध्ये गोव्यात फातोर्ड्याला केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून हैदराबाद चॅम्पियन झाली. त्या रात्री मी टीव्ही बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिले होते. तो करंडक आपला असायला हवा होता असं मला खूप वाटलं, आजही वाटतं.

मुलगा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मालकांचा दोष." काका हातातलं ओलं फडकं ठेवत म्हणाले, "वरचं अक्षर बदलून भागत नाही रे, कापड बघावं लागतं." पुढे वाद मालक की फेडरेशन असा गेला आणि तो काही मिटला नाही.

आता कामाबद्दल. खर्च आला ४२० रुपये, दहा अक्षरं आणि खालचा क्रमांक धरून. गुरुवारी देतो म्हणाले होते, सोमवारी मिळाली. दोनदा फुकट खेप पडली, आणि फोन ते उचलत नाहीत, हे आधी माहीत असलेलं बरं. नावातलं दुसरं अक्षर जवळून बघितलं तर केसभर वर आहे आणि तिथे खालची सावली बारीक रेघेसारखी दिसते. चार हात लांबून कळत नाही. प्रेसचा चकचकीत डाग कुठेही नाही, पॉलिएस्टरवर तो हमखास पडतो, आणि ह्यासाठी मी काकांना पूर्ण गुण देईन. सहा वेळा धुऊन झाली. गार पाण्यात, उलटी करून, हातानं, आणि वाळवताना सावलीत. एकही कोपरा उचललेला नाही, पांढरा रंग पांढराच आहे.

तुमच्याकडे पुण्याच्या एखाद्या क्लबची जुनी जर्सी असेल, पुणे एफसीची, डीएसके शिवाजीयन्सची, भारत एफसीची, तर तिथे न्या. शनिवारी संध्याकाळी गर्दी असते, मंगळवार-बुधवार दुपारी काका निवांत असतात. मूळ नावाचा एखादा स्पष्ट फोटो सोबत ठेवा, अक्षरं पूर्ण गेली असतील तर त्यांना आकार त्यावरून काढता येतो. आणि घाई असेल तर वाद सुरू व्हायच्या आत निघा.

मुलाची लहानपणीची जर्सीही मी त्यांच्याकडे दिली आहे. त्याला ती आता होत नाही, पण तिच्या पाठीवर आपल्याच संघातल्या आल्फारोचं नाव आहे आणि तेही सुटायला लागलंय. बुधवारी मिळेल म्हणालेत. मी शनिवारी जाईन.